रिकामे बसण्याची जागा

रविवार, १५ जून

परवा मृगाची एक सर येऊन गेली आणि लातूरची हवा दोन दिवसांपुरती तरी सुसह्य झाली. उद्यापासून धाकटीची शाळा सुरू होणार, म्हणून आज पाच वाजता तिला आणि सासूबाईंना घेऊन आमच्या वसाहतीतल्या बागेत गेले. आठ महिन्यांपूर्वी गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या गावाहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हापासून आम्ही तिघी जवळजवळ दर रविवारी तिथे जातो; पण आजच्या दिवसाची नोंद करून ठेवावी असे मला मनापासून वाटले.

बाग मोठी नाही. चालण्याच्या वाटेची एक फेरी मी चार मिनिटांत पूर्ण करते. मध्ये हिरवळीचा तुकडा, एका कोपऱ्यात तीन झोके आणि एक घसरगुंडी, दुसऱ्या कोपऱ्यात व्यायामाची लोखंडी साधने, आणि या सगळ्यावर सावली धरणारे आठ कडुनिंब, करंजांची एक रांग व मागच्या भिंतीलगत एक वड. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात इथली सगळी हिरवळ जळून गेली होती. माणसांनाच आठ-दहा दिवसांनी पाणी मिळत असताना गवताला कोण घालणार? कडुनिंब आणि करंज मात्र कोणी थेंब न घालताही उभे राहिले. मराठवाड्यात बाग लावायची तर आधी ही झाडे लावावीत आणि मग हिरवळीचा विचार करावा, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

सासूबाई सुरुवातीला बागेत यायला तयार नव्हत्या. "काम नाई, धंदा नाई, अन् तिथं जाऊन बसायचं कामून?" असे त्या म्हणत, आणि मला ते गुडघ्यांच्या दुखण्यावर घातलेले पांघरूण वाटत असे. पुढे त्यांच्याच बोलण्यातून हळूहळू माझ्या लक्षात आले की प्रश्न गुडघ्यांचा नव्हता, बसण्याचा होता. त्यांच्या गावात बसण्याची जागा म्हणजे पार. मारुतीच्या देवळासमोर मोठा कडुनिंब, त्याच्याभोवती दगडी ओटा, आणि त्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ गावातले पुरुष. बायकांना पारावरून जावे लागले तर त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून, पायांतली चप्पल हातात घेऊन, मान खाली घालून जात. तिथे बसण्याचा विचारसुद्धा कधी कोणाच्या मनात आला नसेल. बाई घराबाहेर पडे ती पाण्याला, शेताला, गिरणीला, ओढ्यावर धुणे घेऊन, फार तर देवळात किंवा कोणाच्या मयतीला. अंगणातल्या ओट्यावर टेकली तरी मांडीवर सूप असायचे. वटपौर्णिमेच्या दिवशी बायका एकत्र वडापाशी जात, पण तेही फेऱ्या घालायला आणि सूत गुंडाळायला. फेऱ्या झाल्या की स्वयंपाकाची घाई असल्याने लगेच परत.

ते गावही आता त्या जागी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, भूकंपाने जी गावे जमीनदोस्त झाली आणि नंतर दुसऱ्या जागी नव्याने वसवली गेली, त्यांत त्यांचे गाव होते. नव्या गावात रस्ते रुंद आहेत, घरे एकमेकांपासून सुटी आहेत. जुना कडुनिंब आणि त्याचा पार मात्र दगडमातीच्या ढिगाऱ्यांजवळ मागेच राहिला. या विषयावर त्या फार बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

बागेत पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांनी काखेतल्या पिशवीत कापूस आणला होता. बाकावर चढण्याआधी त्यांनी चपला काढून बाकाखाली नीट जोडून ठेवल्या, वर मांडी घातली, पिशवीतून कापूस काढला, सरकी काढून तो पिंजला आणि तासभर मान वर न करता वाती वळत राहिल्या. नंतरच्या प्रत्येक रविवारी तेच. कधी वाती, कधी निवडायला मेथीची जुडी; एकदा तर त्यांनी तूर निवडण्यासाठी ताट आणले होते. मी एकदा म्हटले, "आई, इथे तरी हात रिकामे ठेवा की." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी साधेपणाने उत्तर दिले, "रिकाम्या हातानं बसलेली बाई लोकाला दिसती गं." त्यानंतर मी पुन्हा कधी तसे म्हटले नाही.

आज आम्ही नेहमीच्या बाकाऐवजी वडाजवळच्या बाकावर बसलो, कारण बाकीचे सगळे भरलेले होते. फाटकाजवळचे बाक तर कायमच पुरुषांचे असतात. सेवानिवृत्त मंडळी तिथे वर्तमानपत्र वाचतात, आणि बायका आपसूक आतल्या बाजूला सरकतात. तशी पाटी कुठेही लावलेली नाही, पण पार इथेही थोडासा येऊन पोहोचला आहे. वडाच्या खोडाला पाच दिवसांपूर्वीच्या वटपौर्णिमेचे सूत अजून गुंडाळलेले होते. परवाच्या सरीने भिजून ते सालीला चिकटले होते, आणि त्याच्या एका पदरावरून मुंग्यांची ओळ वर चालली होती. सासूबाई कितीतरी वेळ त्या सुताकडे पाहत होत्या.

धाकटी तोवर घसरगुंडीकडे पळाली होती. घसरगुंडी पत्र्याची आहे आणि संध्याकाळी पाचलाही ती तापलेलीच असते, म्हणून इथल्या सगळ्या आया आधी हाताचा उलटा पंजा लावून पाहतात आणि मगच मुलाला वर सोडतात. मीही तेच केले. आज पत्रा कोमट होता. ती चार-पाच वेळा घसरली, मग झोक्यावर गेली आणि तिथून "आज्जी, झोका दे!" म्हणून ओरडू लागली. सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू चालत गेल्या आणि झोका देऊ लागल्या. देता देता तिला सांगू लागल्या की नागपंचमीला माहेरी लिंबाच्या फांदीला कासऱ्याचे झोके बांधत, सासरहून आलेल्या सगळ्या पोरी दिवसभर झोके घेत, आणि उभ्याने घेतलेला झोका सगळ्यात उंच जाई. धाकटीने विचारले, "तू किती उंच जायचीस?" त्यांनी हाताने वरच्या फांदीकडे बोट दाखवले. हे सगळे मी बारा वर्षांच्या संसारात आज प्रथमच ऐकत होते.

दोन गोष्टी इथे लिहून ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. बागेतले स्वच्छतागृह आजही कुलूपबंद होते. गेल्या आठ महिन्यांत ते मला दोनदाच उघडे दिसले. त्यामुळे सासूबाई रविवारी दुपारपासून पाणी पिणे कमी करतात, आणि जूनमध्ये, सत्तरीच्या बाईने, बागेत तासभर बसता यावे म्हणून तहान मारावी ही गोष्ट मला सहन होत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. बाग सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेआठ उघडी असते. घरातल्या बाईला खरा मोकळा वेळ मिळतो तो जेवणे आणि भांडी आटोपल्यावर, दुपारी एक ते चार; शेजारच्या वसाहतीत घरकाम करणाऱ्या बायका तर दोन घरांच्या कामांमधला तेवढाच वेळ बागेच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला बसून काढतात. आत कडुनिंबांची गर्द सावली रिकामी पडलेली असते आणि बाहेर त्या डोक्यावर पदर घेऊन उन्हात डबा खातात. दोन्ही गोष्टींसाठी नवा पैसा लागत नाही. फक्त किल्ली लागते. वसाहतीतल्या बायकांच्या सह्यांचा अर्ज मी आज रात्रीच लिहायला घेणार आहे; पहिला अंगठा सासूबाईंचा असेल, हे त्यांनीच मला सांगितले आहे.

झोका देऊन त्या परत बाकावर आल्या, चपला काढल्या, मांडी घालून बसल्या. वडाच्या पलीकडे कडुनिंबाखाली पिकलेल्या लिंबोळ्यांचा सडा पडला होता. मला वाटले, आता त्या उठून वेचायला लागतील, कारण गावी त्या पोतेभर लिंबोळ्या वाळवून फवारणीच्या अर्कासाठी ठेवत असत. त्यांनी वाकून एकच लिंबोळी उचलली, दोन बोटांत दाबली, आतली पांढरी बी सालीतून सुटून तळहातावर आली, ती त्यांनी तोंडात टाकली, गोडवा चोखून घेतला आणि बी बाजूला टाकली. मग दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून त्या बसून राहिल्या. समोरून दोन पुरुष बोलत गेले. त्यांनी पदर पुढे ओढला नाही. व्यायामाच्या साधनावर नऊवारीतल्या एक आजी मागेपुढे पाय हलवत होत्या, त्यांच्याकडे पाहून त्या हसल्या, त्याही हसल्या, आणि "कुठल्या गावच्या?" अशी विचारपूस सुरू झाली. औसा तालुक्याचे नाव निघाले, मग एका सामाईक पाहुण्याचे.

दिवे लागल्यावर आम्ही निघालो. घरी आल्यावर पाण्याची बाटली काढायला मी त्यांची पिशवी उघडली. कापसाचा गोळा सकाळी ठेवला होता तसाच, सरकीसकट, तळाशी होता.