सावलीवरून तारीख, रडारवरून पूर: ओसिंटच्या छंदाची पावसाळी नोंद

ओसिंट म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवरून शोध घेणे. या पावसाळ्यात माझा बहुतेक वेळ एकाच प्रश्नावर गेला: व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा धरणाचा किंवा पुराचा व्हिडिओ सांगितलेल्या ठिकाणचा आणि सांगितलेल्या वेळचा आहे का, हे सर्वांना खुल्या असलेल्या साधनांनी कितपत ठरवता येते. ठिकाण तुलनेने लवकर सापडते. पैठणच्या जायकवाडीचे दरवाजे आणि आसपासचे रस्ते गुगल अर्थशी ताडून पाहिले की फारशी शंका उरत नाही. वेळ मात्र सहजी हाती लागत नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली एक्झिफ नोंद (फोटोत दडलेली वेळ-ठिकाणाची माहिती) निघून जाते आणि रिव्हर्स इमेज सर्चचा, म्हणजे फोटोवरूनच इंटरनेटवर शोध घेण्याचा, उपयोग तोच फोटो आधी कुठेतरी प्रसिद्ध झाला असेल तरच होतो.

म्हणून सावलीकडे वळलो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो. छत्रपती संभाजीनगरात शून्य सावलीचा पहिला दिवस १९ मेच्या आसपास आणि दुसरा जुलैच्या चौथ्या आठवड्यात येतो, तर लातूरला पहिला थोडा आधी आणि दुसरा थोडा नंतर. या दोन दिवसांच्या दरम्यान माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, एरवी उत्तरेकडे. त्यामुळे जूनमधला म्हणून आलेल्या, ऐन माध्यान्हीच्या फोटोत विजेच्या खांबाची सावली उत्तरेला गेलेली दिसली, तर पुढचे काही तपासण्याची गरजच उरत नाही. मात्र घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि संभाजीनगर सुमारे ७५.३ अंशांवर, म्हणजे एवढ्यानेच जवळपास २९ मिनिटांचा फरक पडतो. शिवाय ऋतूप्रमाणे तो बदलतो, इतका की इथली माध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी १२.१२ च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.४३ च्या सुमारास होते. सनकॅल्क हे सूर्याची दिशा दाखवणारे संकेतस्थळ हा हिशेब आपोआप करते, पण एकदा कागदावर तो स्वतः मांडून पाहावा, असे माझे मत आहे.

अडचण अशी की ज्या दिवशी पूर येतो, त्या दिवशी बहुधा ऊनच नसते. सेंटिनेल-२ या उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रे एरवी उत्तम, पण ढगांपुढे तीही हतबल. सेंटिनेल-१ चे रडार ढगांच्या आरपार पाहते आणि शांत पाणी त्याच्या लहरी दुसरीकडे परावर्तित करत असल्याने चित्रात काळे दिसते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीची गोदाकाठची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तीच सरावासाठी घेतली. काळा डाग दिसला की पूर म्हणण्याची घाई मात्र करू नये, कारण तलाव किंवा गुळगुळीत डांबरी पृष्ठभागही काळाच दिसतो, आणि वाऱ्याने पाणी खवळले असेल तर तेच उजळ दिसू लागते. पावसाआधीचे चित्र शेजारी ठेवल्याशिवाय मी निष्कर्ष लिहीत नाही.

सुरक्षेच्या क्षेत्रात या विद्येचे वजन मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच१७ विमानाच्या प्रकरणाने वाढवले. १७ जुलै २०१४ रोजी २९८ जणांसह ते विमान पूर्व युक्रेनवर पाडले गेले, आणि स्थानिकांनी टाकलेल्या फोटो-व्हिडिओंवरून बेलिंगकॅट या ओसिंट गटाच्या शोधकांनी ‘बुक’ या विमानवेधी क्षेपणास्त्राच्या वाहनाचा मार्ग जुळवला. याची दुसरी बाजू धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपने दाखवली: नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या उष्णता-नकाशावर (वापरणारे कुठे जास्त धावतात ते उजळ दाखवणाऱ्या नकाशावर) धावणाऱ्या सैनिकांमुळे लष्करी तळांच्या सीमा उमटल्याचे जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले. आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे धावतात आणि तो मार्ग जगाला दाखवतात. रोज एकाच दारापासून निघालेली रेघ घराचा पत्ता सांगते. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवण्याची सोय अ‍ॅपमध्येच असते, ती मी ओळखीच्या दोघातिघांना लावून दिली. कुणा खाजगी व्यक्तीचा माग काढणे आणि परक्या खात्यात शिरणे या दोन्ही गोष्टी मी या छंदात धरत नाही. दुसरी तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हाच आहे.

पुढचा सराव सिंदफणेच्या काठी, उभ्या उसाच्या पट्ट्यात करणार आहे. पाण्यात उभे पीक रडारवर कधी काळे न दिसता उलट चकाकते; ते वेगळे कसे काढावे, यावर कुणाची चाचणी झाली असेल तर चित्राच्या तारखेसह कळवावे.