पैसे भरून प्री-कॉलेज समर प्रोग्रॅम करावा का? : माझा अनुभव

हायस्कूलच्या मुलांनी उन्हाळी कोर्ससाठी अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठाच्या कॅम्पसवर दोन आठवडे राहायचे पाच-सहा हजार डॉलर, विमानखर्च वेगळा. मुलीसाठी असे प्रोग्रॅम तपासताना मी आधी एकच गोष्ट निकालात काढली: याने त्या विद्यापीठात प्रवेश मिळायला मदत होते का? बहुतेक ठिकाणी नाही. हे कोर्स वेगळा विभाग चालवतो, ॲडमिशन ऑफिसचा त्यात हात नसतो, आणि बरीच विद्यापीठं तसं स्पष्ट लिहूनही ठेवतात. कॉमन ॲप या अनेक कॉलेजांच्या सामायिक प्रवेश-अर्जात उपक्रमांना १० जागा असतात, वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे हेही भरावे लागतात. तिथे दोन आठवड्यांचा कोर्स दोनच आठवड्यांचा दिसतो. वर्षभर लायब्ररीत लहान मुलांना गणित शिकवणं त्याहून भरीव दिसतं.

मग उरतं शिकणं. त्यासाठी मी माहितीपत्रकाआधी अर्ज वाचायला लागले, कारण प्रोग्रॅमचा कस अर्जातच कळतो. रॉस आणि प्रॉमिस हे गणिताचे सहा-सहा आठवड्यांचे प्रोग्रॅम. त्यांचीही फी असते, पण अर्जासोबत गणितं सोडवून पाठवावी लागतात आणि त्यावर मुलं कित्येक दिवस झटतात. ‘समर सायन्स प्रोग्रॅम’ १९५९पासून चालू आहे. त्याच्या खगोलभौतिकीच्या शाखेत मुलं स्वतः निरीक्षणं घेऊन लघुग्रहाची कक्षा काढतात. तिथे गरजेनुसार आर्थिक मदत मिळते. अशा ठिकाणी निवड झाली तर पैसे भरावेत, असं माझं ठाम मत आहे. एमआयटीतल्या आरएसआय या संशोधनाच्या प्रोग्रॅममध्ये तर शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत. टेल्युराइड या संस्थेच्या टीएएसएस या उन्हाळी प्रोग्रॅमलाही फी नाही. मात्र या दोन्हींचे अर्ज हिवाळ्यातच बंद होतात, त्यामुळे तयारी ऑक्टोबरपासून हवी. मार्चमध्ये जागे झालेल्या घरांना उरतात ते मुख्यतः मे महिन्यापर्यंत प्रवेश देणारे महागडे पर्याय.

‘आपल्या मुलाची निवड झाली आहे’ असं पत्र न मागता घरी आलं, तर ती जाहिरात समजावी. पूर्वी पीएसएटी या एसएटीच्या सराव परीक्षेच्या वेळी मुलं माहिती द्यायला होकार देत, त्यातून नाव-पत्ते पुढे जात. काही कंपन्या कॅम्पसवरची हॉस्टेलं फक्त भाड्याने घेतात. वेबसाइटचा पत्ता विद्यापीठाचाच आहे का, शिकवणार कोण आणि वर्गात किती मुलं, हे ईमेलवर लेखी विचारावं. उत्तर गोलमोल आलं तर तिथेच थांबावं.

क्रेडिटचा, म्हणजे कॉलेजच्या पदवीत धरता येईल असा, कोर्स असेल तर आणखी सावध राहावं. तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) कायमचा राहतो आणि पुढे अनेक ठिकाणी तो द्यावाच लागतो. चार आठवड्यांत सेमिस्टरभराचा अभ्यास कोंबलेला असतो; त्यात सी पडला तर फायद्याऐवजी नुकसान. शिवाय क्रेडिट दुसरं कॉलेज मान्य करेलच असं नाही.

तोच विषय कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात, कितीतरी स्वस्तात होतो. कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या मुलांना तिथली युनिटमागची फी सहसा माफ असते. पुस्तकं आणि किरकोळ शुल्क भरावं लागतं. अडचण अशी की शाळेची सही लागते आणि या मुलांची नोंदणी शेवटी उघडते, तोवर चांगले वर्ग भरलेले असतात. म्हणून सही वसंतातच घेऊन ठेवावी आणि दोन-तीन पर्यायी कोर्स हेरून ठेवावेत.

भारतातून मुलाला पाठवणाऱ्यांचा हिशेब वेगळा. पूर्णवेळ किंवा क्रेडिटच्या कोर्सला एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा लागतो: १८५ डॉलर व्हिसा शुल्क, ३५० डॉलर सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं शुल्क), वर मुंबईत मुलाखतीची तारीख मिळण्याची धाकधूक. त्यात जून-जुलैमध्ये बारावीचे क्लास जोरात असतात. विज्ञानात खरी गती असेल तर ऑलिंपियाडची वाट धरावी. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या निवड शिबिरांना फी नसते, आणि तिथे पोचणं सोपं नाही हे सगळेच जाणतात.

एवढं करूनही मुलाला घराबाहेर राहून आवडीचा विषय चाखायचा असेल आणि खर्च सहज झेपत असेल, तर जरूर पाठवावं. डिपॉझिट भरण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: ते कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतं, व्हिसा नाकारला तर काय, आणि आरोग्य विमा व विमानतळावरून ने-आण फीमध्ये धरली आहे का.