इवल्या इवल्या प्लेट्स आणि वाटीभर पाणी

काल रात्रीचं लिहून ठेवतेय, कारण अशा जेवणाची नावं दुसऱ्या दिवसापर्यंत डोक्यातून जातात आणि मग 'ते मऊमऊ काहीतरी होतं बघ' एवढंच उरतं. नणंदेच्या प्रमोशनची ट्रीट होती, जागा तिनेच ठरवलेली, महागातलं जपानी रेस्टॉरंट, जिथे मेन कोर्स वगैरे भानगडच नसते, छोट्या छोट्या प्लेट्स येत राहतात आणि सगळ्यांनी मिळून खायच्या. आता गंमत बघा, ठरवणारी बाई स्वतः मासे मटण काही खात नाही, फक्त अंडं चालतं.

हा मूळ प्रकार इझाकायाचा. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, साके म्हणजे तांदळाची दारू विकणारी दुकानं असायची, लोक विकत घेऊन तिथेच बसून प्यायला लागले, मग दुकानदार सोबत काहीबाही खायला द्यायला लागले. म्हणजे ऑफिस सुटल्यावर टाय सैल करून मोठमोठ्याने बोलत बसायची जागा ती. तिचा हा असा नटलेला अवतार बघून मला जरा हसूच आलं, मंद दिवे, वेटर कुजबुजल्यासारखे बोलणार, आणि मेनूकार्ड तर लग्नपत्रिकेसारखं जाडजूड.

काउंटरवर जागा मिळाली ते मात्र फार बरं झालं, समोरच शेगडी. बिंचोतान नावाचा कोळसा असतो, उबामे ओकच्या लाकडाचा, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखण वाजतात, आणि त्याला स्वतःचा धूर जवळजवळ नसतोच. त्यामुळे जो काय धुरकट वास येतो तो निखाऱ्यावर पडणाऱ्या चरबीच्या थेंबांचा. तो शेफ एका हाताने काड्या फिरवतोय, दुसऱ्या हाताने पंख्याने वारा घालतोय, मान वर करून बघतसुद्धा नाही, मी जेवण सोडून त्याच्याकडेच बघत बसले होते. चिकनच्या नुसत्या कातडीची काडी, कुरकुरीत, वर फक्त मीठ. मीठ की तारे, म्हणजे तो गोडसर सोया सॉस, असं विचारतात तेव्हा पहिल्यांदा मीठच सांगावं असं माझं मत. सॉसखाली बरंच काही लपून जातं.

वाग्यूबद्दल, म्हणजे त्या जपानी बीफबद्दल, सगळे इतकं बोलतात, पण मला नाही झेपलं. वर ट्रफल, म्हणजे ती महागडी बुरशी, किसलेली, प्लेट केवढी मोठी आणि तुकडे तीन, माणसं चार! ज्या पदार्थाने चार माणसांत शेअर करायचं म्हणून मिरवायचं त्याचे तीन तुकडे का करतात हे कुणीतरी मला समजावा. त्यात पहिला घास आहाहा, दुसऱ्याला चरबीच चरबी. नवऱ्याला हे अजिबात पटलं नाही.

खरी मजा आली ती टोफूपाशी. नणंदेने आगेदाशी टोफू मागवला, बटाट्याच्या स्टार्चमधे घोळवून तळलेला, खाली पातळ रस्सा, वर किसलेला मुळा. ती म्हणाली, टोफूच आहे, व्हेजच असणार. वेटर लगेच म्हणाला की नाही, रश्श्यात मासा आहे. तिथल्या जवळजवळ सगळ्या गोष्टींच्या मुळाशी दाशी असते, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवलेला मासा, त्याचा पातळ कीस. दिसायला नुसतं पिवळसर पाणी. मग शेफने स्वतःहून विचारलं, कोंबू आणि शिताके मश्रूमची दाशी चालेल का? बौद्ध मठांमधल्या शाकाहारी स्वयंपाकात तीच वापरतात. वाळलेले शिताके थंड पाण्यात तासन्‌तास भिजवावे लागतात, म्हणजे त्याने ती आधीच तयार ठेवलेली होती, कोणी मागेल न मागेल. मला ही गोष्ट त्या ट्रफलपेक्षा लाखपटीने श्रीमंत वाटली.

आणि त्याच रश्श्यात तिच्यासाठी चावानमुशीही केली, अंड्याचं वाफवलेलं, दूध नाही क्रीम नाही, अंड्याच्या साधारण तिप्पट दाशी. माझी माशाची, तिची मश्रूमची, मी दोन्ही चाखल्या. माझीला वास जास्त, घास गिळल्याबरोबर संपते, तिची मात्र जिभेवर रेंगाळत राहते. यामागे केमिस्ट्री आहे म्हणे म्हणून घरी येऊन वाचलं. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मधे कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं, १९१३ मधे त्यांच्याच शिष्याने, कोदामांनी, कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं, आणि शिताकेतल्या ग्वानिलेटचं कोडं १९५७ च्या सुमाराला कुनिनाकांनी सोडवलं. कोंबू-मासा आणि कोंबू-शिताके, दोन्ही जोड्यांत युक्ती एकच, एकटं ग्लुटामेट ठीकठाक, पण या दुसऱ्यांपैकी कुणाची संगत मिळाली की चव बेरजेच्या कितीतरी पुढे जाते. म्हणजे व्हेजवाल्यांना काही कमी प्रतीचं मिळत नव्हतं, उगाच आपण बिचारी बिचारी करत होतो.

साके नंदोईंनी घेतली, दाइगिंजो. त्यात तांदूळ इतका घासतात की निम्मा किंवा त्याहून कमीच शिल्लक राहतो. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा अशी तिकडची रीत, ती आमच्या ह्यांनी इतकी मनावर घेतली की नंदोईंचा पेला काही रिकामा होईना, शेवटी त्यांनी वर हातच धरला.

शेवटी भात किंवा नूडल्स घेऊन जेवण बंद करतात, आम्ही भाजलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेतले. बिल नणंदेने कोणाला बघू दिलं नाही. गाडीत बसल्या बसल्या तिने कोंबू आणि वाळलेले शिताके ऑर्डर करून टाकले, तेव्हा शेफने सांगितलेलं इथेच लिहून ठेवते: कोंबू पाण्याला उकळी फुटायच्या आत काढायचा, नाहीतर बुळबुळीत होतं. आणि वाग्यूवरून आमचं दोघांचं आज सकाळीसुद्धा वाजलं, ते म्हणतात मला मांसातलं कळत नाही. बरं, नाही कळत.