रुबीत मेथड कुठं ठेवायची ते मला हळदीच्या पट्टीनं शिकवलं

सांगलीच्या मार्केट यार्डात काकांची पेढी आहे, हळदीच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची विक्रीची बिलं, अजून हातानंच लिहितात. मी रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होते, म्हटलं आपणच प्रोग्रॅम करून देऊ.

हिशोब नावाचं मॉड्यूल केलं, म्हणजे मेथड (नाव दिलेली छोटी कामं) एकत्र ठेवायची पेटी, आणि त्यात डेफ सेल्फ.क्विंटल ही मेथड लिहिली, किलो द्या, क्विंटल मिळेल. पट्टीच्या क्लासमध्ये, म्हणजे प्रत्येक पट्टी ज्या साच्यातून बनते त्यात, ते मॉड्यूल इन्क्लूड केलं (जोडलं), मेथड बोलावली, तर अनडिफाइन्ड मेथड, अशी मेथडच नाही म्हणून एरर! अर्धी रात्र गेली त्यात. इन्क्लूड केलं की मॉड्यूलमधल्या इन्स्टन्स मेथड, म्हणजे एकेका पट्टीवर चालणाऱ्या, तेवढ्या क्लासला मिळतात, सेल्फ लावलेली मॉड्यूलकडंच राहते. मग सेल्फ काढलं तर पट्टीत चाललं, पण दिवसभराच्या एकूण वजनाच्या फाइलीत मी थेट हिशोब.क्विंटल म्हणत होते ते बंद पडलं.

मग मॉड्यूल_फंक्शन सापडलं. ते मेथडची एक प्रत मॉड्यूलवर ठेवतं आणि इन्स्टन्सवाली प्रायव्हेट करतं, म्हणजे पट्टीच्या आतून चालते, बाहेरून पट्टी.क्विंटल म्हटलं की एरर. मला तेवढं पुरेसं होतं.

त्याच भरात रक्कम पण तिथंच टाकली, ती @वजन आणि @भाव, म्हणजे त्या पट्टीत साठवलेले आकडे, वापरते. पट्टीतून बरोबर यायची, हिशोब.रक्कम म्हटलं की निलला (आकडाच नाही तिथं रुबी निल देते) गुणाकार येत नाही म्हणून एरर. शेवटी मेथडच्या पहिल्या ओळीत पुट्स सेल्फ टाकलं, म्हणजे मेथड कुणावर चालतेय ते छापायला लावलं, आणि तिथं उजेड पडला, पट्टीतून बोलावली की पट्टीचा ऑब्जेक्ट छापतोय आणि दुसरीकडून नुसतं हिशोब. मॉड्यूलला कुठला आलाय भाव, तो त्या शेतकऱ्याच्या त्या पट्टीचा असतो ना! रक्कम उचलून क्लासमध्ये नेली.

पहिली पट्टी काकांना दाखवली. १८ पोती, ९१२ किलो, भाव क्विंटलला १५,०००. काकांनी तोंडी हिशोब करून सांगितलं, १८०० कमी आहेत गं. ९१२ ला नुसत्या १०० नं भागलं की रुबी ९ च देते, वरचे १२ किलो गेले, १००.० केल्यावर १,३६,८०० बरोबर आले. शेतकऱ्याचे पैसे होते ते, बरं झालं आधी दाखवली.

आता हमाली घेतलीय. पोती आणि दर दिला की आकडा देणारी मेथड मॉड्यूलमध्ये, आणि त्या पट्टीतून किती कापायची ती क्लासमध्ये. यावेळी कुठं ठेवू म्हणून अडले नाही.