स्टॉपवॉच दाबायचा राहिला

पेरूच्या उत्तरेला पोमाकोचास गावाजवळ उएम्बो नावाचं छोटंसं राखीव जंगल आहे, तिथे मी व्हॉलंटियर होते. काम काय, तर स्पॅचुलटेल नावाच्या हमिंगबर्डचे नर मोजायचे आणि एखादा मादीपुढे नाचताना दिसलाच तर नाच किती सेकंद चालला ते लिहायचं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, आपल्या जास्वंदीवर येतो तोच ना गं? अगं आई तो शिंजीर, हमिंगबर्ड आपल्याकडे नसतातच!

या पक्ष्याला शेपटीची पिसं फक्त 4. त्यातली दोन म्हणजे नुसत्या लांब काड्या, एकमेकींवरून आडव्या गेलेल्या आणि टोकाला निळ्या-जांभळ्या चकत्या. पण मादीला चकत्या नाहीत, कोवळ्या नरांनाही नाहीत, त्यामुळे समोर दहा पक्षी येऊन गेले तरी नराच्या रकान्यात शून्य. सलग चार दिवस शून्य.

उत्कुबांबा नदीच्या आसपासचा डोंगराळ पट्टा सोडला तर हा जगात कुठेच नाही, आणि तिथलंही जंगल कुरणं आणि शेतीसाठी तुटत गेलं. वर नराचं काळीज खाल्लं की मर्दानगी वाढते अशी समजूत, म्हणून पोरं गलोलीने टिपायची. माझ्याबरोबरचे गार्डकाका म्हणाले, आम्ही पण मारलेत. मी गप्प बसले, आमच्या गावात पारवे कोण मारायचं ते मला माहितीय.

पाचव्या दिवशी धुकं, पाय बधिर, वहीला पाणी लागलेलं, आणि एकदम कानाशी भुंग्यासारखी गुणगुण. झुडपात फांदीवर मादी बसलेली आणि तिच्यासमोर तो, हवेत एका जागी तरंगतोय, आणि त्या दोन चकत्या तोंडापुढे आणून अशा हलवतोय की पक्षी एक आणि त्याच्याभोवती नाचणारे दोन वेगळेच किडे वाटावेत. अख्खा जीव जेमतेम 3 ग्रॅमचा हो! मग दुसरा मोठा हमिंगबर्ड घुसला, याला हुसकावलं, खेळ खल्लास.

मी हातातल्या स्टॉपवॉचकडे बघितलं. 00:00.

काकांना विचारलं, किती वेळ झाला असेल? ते म्हणाले, सेन्योरिता, मी पण तोच बघत होतो. सात-आठ सेकंद लिहावेत असं मनात आलं, खोटं कशाला बोलू, कोणाला कळणार होतं? पेन्सिल रकान्यावर टेकवली पण होती. शेवटी नर 1, डिस्प्ले (म्हणजे नाच) हो, आणि वेळेच्या जागी आडवी रेघ. संध्याकाळी शीट बघताना मॅडमनी बोट नेमकं त्या रेघेवर ठेवलं.