आधी लिंक, मग रिपोर्ट

फिर्यादी मुलगी सकाळी साडेदहाला पोलीस ठाण्यात आली, तेव्हा तिच्या वहिनीने रात्रीच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या नावाच्या इन्स्टाग्राम अकाउंटचा स्क्रीनशॉट टाकून ठेवला होता. खाली लिहिलं होतं, ‘हे अकाउंट खोटं आहे, सगळ्यांनी रिपोर्ट मारा.’ हेतू चांगला होता, पण माझी धावपळ सुरू झाली ती त्यामुळेच. सगळ्यांचे रिपोर्ट लागू पडून अकाउंट उडालं असतं, तर हातात फक्त एक अंधुक चित्र उरलं असतं आणि त्याच्या मागे कोण आहे हे विचारायला कंपनीला द्यायचा पत्ताच राहिला नसता.

मी जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक आहे. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, तपासाचे टप्पे जसेच्या तसे आहेत.

मुलगी १९ वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीची सुट्टी संपवून नुकतीच परतलेली, साल २०२४. तिच्या नावापुढे एक जास्तीची अंडरस्कोअर लावून कोणीतरी इन्स्टाग्राम अकाउंट काढलं होतं. त्यावर तीन फोटो. दोन तिचे, जसेच्या तसे. तिसऱ्यात तिचा चेहरा दुसऱ्याच नग्न शरीरावर बसवलेला. बायोमध्ये तिचा मोबाइल नंबर. आणि तिच्या खऱ्या अकाउंटवर मेसेज: १०,००० रुपये दे, नाहीतर कॉलेजच्या ग्रुपवर जाईल. रात्री अकरापासून अनोळखी लोकांचे फोन चालू होते. रात्रीच घरचे तिला घेऊन जवळच्या एका पोलीस ठाण्यात गेले, तिथे ‘सकाळी सायबरला जा’ असं सांगून वाटेला लावलं. हे सांगायची गरज नव्हती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कोणत्याही ठाण्याने घ्यायची असते, आणि मग ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते.

वहिनी म्हणाल्या, “मॅडम, आधी तो फोटो काढा हो, बाकीचं मागाहून बघू.”

“काढू. पण वीस मिनिटं द्या, आणि ग्रुपवरचा तो मेसेज आत्ता डिलीट करा.”

मेसेज डिलीट करायला सांगण्याचं दुसरंही कारण होतं. असा फोटो पुढे पाठवणं, मग ते सावध करण्यासाठी का असेना, माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ६७ आणि ६७ए च्या, म्हणजे अश्लील मजकूर पसरवण्याच्या गुन्ह्याच्या, जवळ जातं. घरच्याच लोकांवर ती वेळ का आणायची?

वीस मिनिटांत काय केलं, ते नीट सांगते, कारण बहुतेक तक्रारी इथेच कच्च्या राहतात. नुसता स्क्रीनशॉट आम्हाला फारसा उपयोगी पडत नाही. युजरनेम बदलता येतं, आणि बदललं की जुनी लिंक मरते. न बदलणारा असतो तो अकाउंटचा अंकी आयडी. तो ब्राउझरमध्ये प्रोफाइल उघडून पानाच्या सोर्स कोडमधून काढावा लागतो. तो आम्ही काढतो, पण त्यासाठी लिंक जिवंत हवी. मुलीने करायचं ते इतकंच: प्रोफाइल उघडायचं, लिंक कॉपी करून स्वतःलाच पाठवून ठेवायची, प्रत्येक पोस्टची लिंक वेगळी घ्यायची, आणि मग फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून तारीख-वेळ दाखवत प्रोफाइलपासून मेसेजपर्यंत एका दमात फिरायचं. मधे कापाकापी नको. धमकीचे मेसेज वर ढकलत पहिल्यापर्यंत न्यायचे. तोवर ब्लॉक करायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ची सोय आहे: समोरच्याचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात, आपण वाचले की नाही ते त्याला दिसत नाही आणि आपल्याला रोखलंय हेही कळत नाही. पैसे तर अजिबात पाठवायचे नाहीत. एकदा दिले की पुढची रक्कम वाढते, थांबत नाही.

आयडी मिळाल्या मिळाल्या इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिच्या पोलिसांसाठीच्या पोर्टलवर प्रिझर्वेशन रिक्वेस्ट (नोंद जपून ठेवायची विनंती) टाकली. तिने डेटा मिळत नाही, पण त्या क्षणी कंपनीकडे असलेली नोंद ९० दिवस गोठवली जाते. नंतर अकाउंट कंपनीने हटवलं काय किंवा उघडणाऱ्याने स्वतः उडवलं काय, फरक पडत नाही. पोचपावती आल्यावर मी वहिनींना म्हटलं, “आता मारा रिपोर्ट.”

रिपोर्टही कसा करायचा, त्यावर बरंच अवलंबून असतं. पन्नास जणांनी ‘स्पॅम’ म्हणून दाबण्यापेक्षा जिच्या नावाने अकाउंट आहे तिने स्वतः तोतयेगिरीचा फॉर्म ओळखपत्राच्या फोटोसह भरला, तर काम लवकर होतं. नग्न फोटोची पोस्ट त्यासोबत वेगळी रिपोर्ट करायची. सोशल मीडिया कंपन्यांना लागू असलेल्या २०२१ च्या मध्यस्थ नियमांत नग्नता, तोतयेगिरी आणि मॉर्फ केलेली (जोडकाम करून बनवलेली) चित्रं यांच्यासाठी, पीडितेने किंवा तिच्या वतीने तक्रार आल्यावर २४ तासांत मजकूर हटवायची मुदत होती. तक्रारीत त्या नियमाचा, ३(२)(बी), उल्लेख केला. मग तिच्याच फोनवर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग उघडलं. संमतीशिवाय पसरवलेले खासगी फोटो रोखायची, १८ वर्षांवरच्यांसाठीची ही सोय. फोटो कुठेही अपलोड होत नाही, फोनमध्येच त्याचा हॅश, म्हणजे त्या फाइलचा अंकी ठसा, तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे फक्त तो हॅश जातो. शेवटी केस नंबर आणि पिन मिळतो. पिन हरवला तर परत मिळत नाही, म्हणून तो कागदावर लिहून घ्यायला लावला. मुलगी अल्पवयीन असती तर ‘टेक इट डाउन’ ही वेगळी सेवा वापरावी लागली असती आणि गुन्ह्याला पॉक्सोची कलमं लागली असती.

फिर्याद मी घेतली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ ते ७९ खालची (विनयभंग, पाठलाग अशा गुन्ह्यांची) खबर महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, हे अनेक घरांना माहीत नसतं; पुरुष हवालदारासमोर कसं बोलायचं या धास्तीने मुली येतच नाहीत. कलमं लागली ती अशी: आयटी कायद्याचं ६६सी (ओळख चोरणं), ६६डी (तोतयेगिरीने फसवणूक), ६७ आणि ६७ए, न्याय संहितेचं ७८ (पाठलाग), ७९ (स्त्रीच्या विनयाचा अपमान), ३५१(४) (निनावी धमकी), आणि पैशांच्या मागणीमुळे ३०८ (खंडणी). कलम ७७ लावायचा आग्रह एका ओळखीच्या वकिलाने फोनवरून धरला. ते खासगी क्षण बघण्या-टिपण्याबद्दल आहे. मॉर्फ केलेल्या चित्रात टिपलेला क्षणच नसतो, कोर्टात ते टिकलं नसतं. ६७ए महत्त्वाचं, कारण पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने ते अजामीनपात्र आहे. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, म्हणून कागद साहेबांच्या नावाने पुढे गेले.

मुलीला सगळ्यात मोठी भीती होती फोन जप्त होण्याची. तिच्या अभ्यासाच्या नोट्स, बँक, सगळं त्यात. रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉटच्या प्रती आम्ही घेतल्या, हॅश काढला आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या (डिजिटल पुराव्यासाठीच्या) प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ तिच्याकडून भरून घेतला. फोन तिच्याकडेच राहिला.

या सगळ्यात तो वाजतच होता. नंबर बदलायचा विचार घरच्यांनी रात्रीच केला होता, मी थांबवलं. बँकेचे ओटीपी अडकतात ते एक, आणि दुसरं म्हणजे फोन करणारेच कधी कधी वाट दाखवतात. व्हॉट्सॲपवर प्रायव्हसीत जाऊन अनोळखी कॉल सायलेंट केले. कॉल येतात, नोंद राहते, पण फोन वाजत नाही. साधे कॉल आमच्या हवालदारांनी उचलायला घेतले. “सायबर पोलीस ठाणे बोलतोय” एवढं ऐकलं की बहुतेक ठेवून द्यायचे. एकजण मात्र गडबडून म्हणाला, “साहेब, मला टेलिग्रामवर मिळाला नंबर.” त्याच्याकडून चॅनेलची लिंक घेतली. म्हणजे मजकूर दोन जागी होता, आणि हॅशवाल्या यादीत तेव्हा टेलिग्राम नव्हतं.

गुंता सुटायला लागला तो एका साध्या प्रश्नापासून. मी तिला ते दोन खरे फोटो दाखवले आणि विचारलं, हे आधी कुठे कुठे होते? पहिला सगळीकडे होता. दुसऱ्यात ती होस्टेलच्या गॅलरीत केस पुसत उभी, खांद्यावर टॉवेल, मागे दोरीवर वाळत घातलेला युनिफॉर्म. तो तिने फक्त ‘क्लोज फ्रेंड्स’मध्ये टाकला होता. त्या यादीत सहा मुली. तिचं अकाउंट प्रायव्हेट. तेव्हा परक्या कोणाचं हे काम नव्हतं; एकतर त्या सहांतली एक, नाहीतर कोणीतरी तिच्याच अकाउंटमध्ये बसून बघत होतं.

म्हणून तिच्या इन्स्टाग्रामची सेटिंग उघडली: अकाउंट्स सेंटर, पासवर्ड अँड सिक्युरिटी, ‘व्हेअर यू आर लॉग्ड इन’. यादीत दोन फोन. एक तिच्या हातातला. दुसऱ्याचं मॉडेल बघून ती म्हणाली, हा तर माझ्या मैत्रिणीचा. गॅदरिंगच्या वेळी माझ्या फोनचं चार्जिंग गेलं होतं म्हणून तिच्या फोनवरून रील टाकली होती. लॉग आउट करायचं राहून गेलेलं. पासवर्ड तिने तेव्हापासून बदलला नव्हता.

तिचा अंगठा लगेच ‘लॉग आउट’कडे गेला, तो मी थांबवला. त्या पानावरचं मॉडेल, शहर आणि शेवटच्या वापराची तारीख हीच नोंद होती. ती आधी रेकॉर्ड केली. मग प्रश्न असा की बाहेर काढावं की नाही? काढलं की समोरचा सावध होणार. पण प्रिझर्वेशन झालेलं होतं, आणि कोणीतरी तिच्या अकाउंटमध्ये बसलेलं असताना तिला घरी पाठवणं मला पटत नव्हतं. बाहेर काढलं, पासवर्ड बदलला, ऑथेंटिकेटर ॲपने दुहेरी पडताळणी लावली, बॅकअप कोड वहीत उतरवून घेतले. त्याच संध्याकाळी खोटं अकाउंट गायब झालं. घरच्यांना वाटलं रिपोर्ट लागू पडला. नंतर मेटाकडून आलेल्या नोंदींत दिसलं की ते उघडणाऱ्यानेच बंद केलं होतं.

त्या नोंदी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ च्या नोटिशीवर आल्या: नोंदणीचा ईमेल, लॉगिनचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) आणि वेळा. वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळ काढायला साडेपाच तास मिळवायचे. अकाउंट उघडल्याची वेळ १८:४७ होती, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १२:१७, आणि तारीख पुढची. हे मिळवायचं राहिलं तर इंटरनेट कंपनी भलत्याच घराचं नाव देते. दुसरी अडचण अशी की मोबाइल कंपन्या जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही ४, एकच पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटतात. नेमका सेकंद आणि पोर्ट क्रमांक नसेल तर तो पत्ता जवळपास निरुपयोगी. सुदैवाने इथे काही लॉगिन नव्या पद्धतीच्या आयपीव्ही ६ पत्त्यांचे होते, आणि ते घरच्या ब्रॉडबँडपर्यंत पोहोचले.

ग्राहक म्हणून नाव आलं ते मैत्रिणीच्या वडिलांचं. इथेच काहीजण घाई करतात. आयपी पत्ता बिल भरणाऱ्याचं नाव सांगतो, बोटं कोणाची होती ते सांगत नाही. मैत्रिणीला विचारलं, तर तिने नवा फोन घेऊन काही महिने झाले होते.

“तो जुना आता दादाकडे असतो.”

दादा २३ वर्षांचा. घरझडती आणि जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे केलं. फोन चालू आणि अनलॉक होता, म्हणून बंद न करता फ्लाइट मोडवर टाकला, आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) पंचनाम्यात घेतला, आणि सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवला. फोटो त्याने गॅलरीतून खोडले होते, पण ‘नुकतेच खोडलेले’मध्ये होस्टेलच्या गॅलरीतल्या त्या फोटोचा स्क्रीनशॉट तसाच होता, वरच्या पट्टीत वेळेसकट. मॉर्फ करणारं ॲपही होतं. मैत्रिणीला यातलं काही माहीत नव्हतं. ती साक्षीदार झाली.

टेलिग्रामवरची पोस्ट मात्र चिकट निघाली. चॅनेलच्या नव्हे, त्या नेमक्या मेसेजच्या लिंकसह तक्रार करावी लागली, आणि ती उतरेपर्यंत कोणीतरी फोटो खालून कापून पुन्हा इन्स्टाग्रामवर चढवला. कापलेल्या चित्राचा हॅश जुळला नाही. मुलीने ते कापलेलं चित्र जतन केलं, त्याचाही हॅश टाकला, रिपोर्ट केला आणि लिंक मला पाठवली. पहिल्या दिवशी ठाण्यात केलं त्याच क्रमाने, यावेळी कोणाला न विचारता. दोषारोपपत्रात ती लिंकही जोडली आहे.