चोर आधी बॉर्डरपार, पोलीस मागनं

युरोपोल, म्हणजे युरोपियन युनियनची पोलीस संस्था, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं ही युरोपची एफबीआय, धाडी टाकणार, उचलून नेणार वगैरे. पण हेगमध्ये बसलेल्या या लोकांना कुणाला अटक करायचा अधिकारच नाहीये! माहिती जमवायची, जुळवायची, ज्या त्या देशाला द्यायची, बेड्या घालणार तिथलेच पोलीस.

मला जास्त मजा वाटते ती शेंगेनची. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या की आपापसातलं बॉर्डर चेकिंग हळूहळू बंद करू. आता बॉर्डर उघडी म्हणजे चोरालाही उघडीच की, मग १९९० च्या करारात पोलिसांना पाठलाग करत शेजारच्या देशात घुसायची परवानगी दिली, पण त्यातही प्रत्येकाचं वेगळं. जर्मनी म्हणाली कितीही आत या, धरून पण ठेवा. फ्रान्स म्हणालं पाठलाग करा, पण धरायचं नाही, ते आमचे लोक येऊन बघतील. आणि चोर कुणाच्या घरात शिरला तर संपलंच, परक्या पोलिसाला आत पाऊल टाकता येत नाही.

खरा फरक पडला तो युरोपियन अरेस्ट वॉरंटने, म्हणजे युनियनमधल्या एका देशाने काढलेलं अटकेचं वॉरंट दुसऱ्या देशातही चालतं. १९९५ च्या पॅरिस मेट्रो बॉम्बस्फोटातला रशीद रामदा त्याच वर्षी लंडनमध्ये सापडला आणि फ्रान्सच्या ताब्यात मिळाला डिसेंबर २००५ मध्ये, दहा वर्षं नुसती कोर्टबाजी. उलट २१ जुलै २००५ ला लंडनमध्ये हल्ल्याचा प्रयत्न करून पळालेला हुसेन उस्मान रोममध्ये पकडला गेला, तर सप्टेंबरात ब्रिटनमध्ये परत! कारण नवीन वॉरंट २००४ पासून लागू झालं होतं, त्यात मंत्र्यांच्या टेबलावर फाईल जातच नाही, कोर्ट टू कोर्ट काम आणि साधारण ६० दिवसांत निकाल.

अर्थात सगळं सुरळीत नव्हतं हां. त्याच जुलैमध्ये जर्मनीच्या घटनात्मक कोर्टाने या वॉरंटसाठी केलेला त्यांचा कायदाच रद्द केला, आपल्या नागरिकाला असं सहज दुसऱ्याच्या हवाली करता येणार नाही म्हणे, मग २००६ मध्ये नवा कायदा करावा लागला. आणि ब्रेक्झिटनंतर तर ब्रिटनच या वॉरंटमधून बाहेर पडलं, आता जर्मनी आपला माणूस त्यांना देत नाही.